कब्जा अजून ढिला आहे

रविवार, ११ जानेवारी १९९८

बंदुकीची नळी हलते आहे. मला हे आज कळलं. कृतिकाला, तिला नेमबाजी शिकवणाऱ्या दहिया सरांना आणि बहुधा तिच्या आईला, वैजयंतीलाही ते महिनाभर ठाऊक होतं. या घरातली कुठलीही गोष्ट माझ्यापर्यंत पोचते ती दूधवाल्याच्याही नंतर.

बंदूक म्हणजे छर्ऱ्यांची, एअर रायफल. सासऱ्यांची. अंबादासराव वारले त्याला चार वर्षं झाली, पण त्यांची ही जर्मन बनावटीची बंदूक आणि कुठल्याशा स्पर्धेत कप घेतानाचा त्यांचा फोटो आमच्या आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माझ्याहून जास्त जागा अडवून आहेत. आता नातही त्याच बंदुकीने नेमबाजी करते. माझ्याकडून तिने काय घेतलं, तर चष्म्याचा नंबर.

ही बंदूक मधोमध मोडते, म्हणजे मोडायचीच असते. नळी खाली वाकवायची, उघड्या पडलेल्या भोकात छर्रा ठेवायचा, परत सरळ करायची. जिथे ती वाकते तिथे एक बिजागरी आहे, दाराला असते तशी, फक्त जाड. ती झिजली आहे. नळीचं टोक धरून हलवलं की टक टक वाजतं. अशाने नेम कितीही धरला तरी एक छर्रा डावीकडे जाणार आणि दुसरा उजवीकडे.

एक मार्चला दिल्लीच्या संघाची निवड आहे. पहिल्या सहांत आली तर खेळाडूंच्या कोट्यातून चांगल्या कॉलेजात जागा मिळेल. नाही आली तर बारावीच्या मार्कांच्या भरवशावर चांगल्या कॉलेजचं फाटकही दिसायचं नाही. आणि ती येऊ शकते. दहिया सर उगाच पाठ थोपटणाऱ्यांतले नाहीत, त्यांनीच मला सांगितलं, "लड़की में दम है, बस बंदूक ठीक करवाइए."

"बाबा, कुणाला दाखवू या ना," कृतिका म्हणाली.

"कशाला? बिजागरीचा स्क्रू आवळला की झालं."

"बिजा... क्या?"

सतरा वर्षांची मुलगी, आईबाप दोघे मराठी, आणि बिजागरी ठाऊक नाही! दार ज्यावर फिरतं ती, म्हणून सांगितलं. "अच्छा, वो," म्हणाली आणि गेली. मी चोवीस वर्षं मंत्रालयात अनुवादक आहे. ज्यांची मातृभाषा हिंदी त्यांच्या हिंदीतल्या चुका काढतो. आणि घरात ही गत.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांतीची रजा घेऊन बंदूक दुरुस्त केली. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून दोन चकत्या केल्या, बिजागरीच्या दोन्ही अंगांना सरकवल्या आणि स्क्रू गच्च आवळला. नळी हलायची थांबली. अडचण एवढीच झाली की वाकायचीही थांबली. मग गुडघ्यावर धरून जोर लावला, तेव्हा आतून कट्कन आवाज आला.

स्क्रूचे आटे गेले. आता नळी पूर्वीच्या दुप्पट हलते.

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबांनी तीस वर्षं वापरली हो ती," एवढंच म्हणाली. त्या 'तीस वर्षं'चा अर्थ मला कळतो. तिच्या बाबांनी तीस वर्षं जे सांभाळलं ते मी तीन तासांत घालवलं, असा. तीस वर्षं वापरून बिजागरी झिजवली कुणी, हे मात्र कोणी विचारणार नाही. तिळगुळाची वाटी टेबलावर ठेवून गेली. गोड बोलण्याचं काही मनावर घेतलेलं दिसलं नाही.

सोमवार, १९ जानेवारी

काल इथल्या मराठी मंडळातली माणसं आली होती, त्यांच्यासमोर वैजयंतीने बंदुकीचा विषय काढला. काढायची गरज नव्हती. म्हणाली, "यांनी पूरी खराब करून टाकली. बाबांची निशाणी होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "पूरी खराब करून टाकली! ऐका मराठी. हिच्या वडलांनी हिला बंदूक दिली, भाषा द्यायची तेवढी राहून गेली."

सगळे हसले. ती पहाडगंजात जन्मली, तिथेच वाढली, तिचं मराठी असंच आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात लागण्यासारखं काय? पण तिला लागलं. कालपासून बोलत नाही. चहा आणून ठेवते, कप जरा जास्त जोराने ठेवते, आणि जाते. बोलायचं असेल तेव्हा बोलेल. मीही काही समजूत काढायला जाणार नाही. माझं वाक्य व्याकरणाने आणि वस्तुस्थितीने बरोबर होतं.

गुरुवार, २२ जानेवारी

आता फोनजवळच्या पॅडवर चिठ्ठ्या लिहून ठेवते. "सब्जी फ्रीजमध्ये आहे. गरम करून घ्या." "प्रेसवाला उद्या येणार बोलला." मी सवयीने लाल पेन काढलं. सब्जी खोडून भाजी केलं. 'बोलला' खोडून 'म्हणाला'. प्रेसवाल्याचा इस्त्रीवाला. पॅड परत जागेवर ठेवलं, तिने बघावं म्हणून. भांडण असलं तरी शिकायला काय हरकत आहे?

दहिया सरांनी पानिपतचा एक मिस्त्री सांगितलाय, हरपाल नावाचा. फौजेत बंदुका दुरुस्त करायचा. परवा जायचं.

शनिवार, २४ जानेवारी

मराठी माणसाने हत्यार घेऊन पानिपतला जावं, यातली गंमत मी बसमध्ये कृतिकाला समजावायचा प्रयत्न केला. तिने कानातला वॉकमन काढला, "हं, थर्ड बॅटल, सेव्हन्टीन सिक्स्टीवन," म्हणाली आणि परत कानात घातला. त्या वर्षाशी तिचा संबंध परीक्षेपुरता.

हरपाल मिस्त्रीचं दुकान चादरींच्या गोदामामागे आहे. साठीचा माणूस, हात कोळशासारखे काळे, पण बंदूक हातात घेतली ती तान्हं मूल घ्यावं तशी. बिजागरी बघून म्हणाला, "ये किस अनाड़ी ने खोला?"

कृतिकाने माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "घर में किसी ने खोला होगा."

मग तो तिलाच काय काय समजावायला लागला. भोक झिजून लांबट झालंय, तिथे नवी पितळी बुशिंग, म्हणजे भोकात बसणारी कडी, घालावी लागेल, पिन नवीन करावी लागेल. तीसुद्धा अगदी तल्लीन होऊन ऐकत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. माझ्याशी ती इतकं कधी बोलली होती, आठवत नाही. समोर एसटीडी बूथ दिसला म्हणून मी बाहेर गेलो आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. पप्पनकलाँ, ज्याला आता द्वारका म्हणायचं, तिथल्या आमच्या फ्लॅटचा ताबा दिवाळीत मिळणार होता. मग नाताळात. आज म्हणाले, "भाईसाहब, पज़ेशन का फ़रवरी में पक्का फ़ोन करूँगा." परत आलो तोवर दोघांचं बोलणं संपलं होतं. तीन आठवडे लागतील, झालं की फोन करीन, म्हणाला. कृतिकाने आपणहून घरचा नंबर लिहून दिला.

परतीच्या बसमध्ये तिला विचारलं, काय म्हणाला? "बरंच काही," म्हणाली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

उपसंचालकाची जागा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी कनिष्ठ माणसाला गेली. त्याला कॉम्प्युटर येतो. 'अनुग्रह' आणि 'आग्रह' यांतला फरक येत नाही, पण कॉम्प्युटर येतो. साहेब म्हणाले, "ज़माना बदल गया है, शब्दकोश अब मशीन में है." मी बाहेर आलो.

घरी आलो तर पॅडवर, "कृतिकाला बुखार आहे. ऑफिसमध्ये फोन लागला नाही. शेजारच्या पाटलांच्या मुलाला पाठवलं होतं, तुम्ही सीटवर नव्हते. डॉक्टरकडे घेऊन जाते." मी 'ताप' लिहिलं. 'नव्हते'चं 'नव्हतात' केलं. मग लक्षात आलं की घरात कोणी नाही.

दोघी आठ वाजता आल्या. साधाच ताप होता. वैजयंतीने पॅडकडे नजर टाकली, पान उलटून खाली ठेवलं. हल्ली ती लाल शाई वाचतही नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शेवटी तेच झालं. पॅडवर आज, "फोन आला होता. कब्जा अजून ढिला आहे. सध्या घेऊ नका म्हणाले."

म्हणजे फेब्रुवारीही गेला. त्या सेक्रेटरीला माहीत आहे की मी ऑफिसात असतो, म्हणून मुद्दाम दुपारी फोन करतो, बायकांना गुंडाळायला सोपं. आणि ही निरोप लिहिते तो असा. कोणाचा फोन, ते लिहायची पद्धत नाही. कब्जा म्हणे ढिला! दांडगाई करून बळकावतात तो कब्जा. आपल्या हक्काच्या घराचा मिळतो तो ताबा. आणि ढिला असतो पायजमा. मी पहिलं वाक्य पूर्ण खोडून वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "ताबा अजून लांबला आहे." 'म्हणाले' बरोबर होतं, त्याखाली बारीक बरोबरची खूण केली. शिकते आहे हळूहळू.

कृतिका पाणी प्यायला आली होती. वाकून बघितलं आणि विचारलं, "बाबा, ताबा म्हणजे?"

"काय आश्चर्य आहे! ताबा माहीत नाही? आपल्याकडे येणं. आपल्या हातात येणं. अमकं माझ्या ताब्यात आहे म्हणतात ना?"

"कोण म्हणतं?" म्हणाली. हा प्रश्न होता की उर्मटपणा, ते ठरवेपर्यंत अभ्यासाला निघून गेली.

शनिवार, २१ फेब्रुवारी

तीन आठवड्यांचे चार झाले तरी पानिपतचा फोन नाही, तेव्हा आज स्वतःच गेलो. एकटाच. कृतिकाची प्रॅक्टिकल चालू आहेत.

हरपाल लग्नाला कर्नालला गेलेला. दुकानात त्याचा भाऊ होता. बंदूक भिंतीला टांगलेली, वर कागदाची चिठ्ठी, त्यावर गुरुमुखीत काहीतरी. भाऊ म्हणाला, "वीर जी कल आएँगे. आपकी उनसे फ़ोन पे बात हो गई?"

नाही म्हटलं असतं तर उद्या या म्हणाला असता. पुन्हा पाच तासांचा प्रवास. मी म्हटलं, "हाँ हाँ, हो गई." त्याने काढून दिली.

मी तिथेच तपासली. वाकवली, सरळ केली, टोक धरून हलवली. तसूभर हलत नाही. बंद होताना टक्कन एकच आवाज, नव्या कपाटासारखा. काम झालेलं होतं, माणूस फक्त फोन करायला विसरला. आठवडाभर हातात आहे, आता कृतिकाची तक्रार राहणार नाही. घरी येऊन फोटोतल्या अंबादासरावांना मनातल्या मनात म्हटलं, घ्या, झाली तुमची बंदूक.

रविवार, २२ फेब्रुवारी

पॅडवर सकाळी, "बंदूक आणलीत? झाली का ठीक? मिस्त्री काय बोलले?"

महिन्याभरात पहिल्यांदा तिने काही विचारलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पाच आठवडे अबोला धरणाऱ्या माणसाला एका ओळीने उत्तर द्यावं, असंही वाटेना. 'ठीक' खोडून 'नीट' केलं, 'बोलले' खोडून 'म्हणाले', आणि पॅड जागेवर ठेवलं. तिने पाहिलं असेल. बंदूक आणली आहे हे तर डोळ्यांनी दिसतंच आहे.

कृतिकाने खोलीतल्या खोलीत पाच-सहा छर्रे मारले, उशीवर पुठ्ठा लावून. "एकदम फर्स्ट क्लास," म्हणाली. मला म्हणाली.

रविवार, १ मार्च

पानिपत झालं.

चाळीस छर्रे मारायचे होते. पहिल्या वीसपर्यंत ती चौथी होती. मी मागच्या बाकावरून दुर्बिणीने बघत होतो, काळ्या वर्तुळात एकाशेजारी एक भोकं पडत होती. शेजारचा एक बाप मला म्हणाला, "आपकी बच्ची है? बहुत सॉलिड है." मी मान ताठ केली.

तेविसावा छर्रा वर्तुळाच्या बाहेर गेला. मला वाटलं, लक्ष विचलित झालं असेल. चोविसावा दुसऱ्या बाजूला गेला. तिने बंदूक खाली घेतली, नळीचं टोक दोन बोटांनी धरलं. इतक्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं, पण मला ऐकू आला. मग तिने ती परत खांद्याला लावली आणि उरलेले सोळा छर्रे मारले. प्रत्येक वेळी हाताने नळी डावीकडे दाबून, अंदाजाने. मध्ये हात वर करून थांबली असती तर कदाचित काही झालं असतं. थांबली नाही. हे तिने कोणाकडून घेतलं कोण जाणे.

अकरावी आली.

दहिया सरांनी बंदूक वाकवून बघितली, आतली पिन नखाने हलवली. "ये तो कच्ची पिन है. सिर्फ़ नाप लेने को डालते हैं. इससे मैच किसने खिलवाया?" मी म्हटलं, मिस्त्रीने दिली तशी आणली. स्कूटरवर कृतिका मागे बसली होती, दोन्ही हातांनी बंदूक धरून. मला धरलं नाही. धौला कुआँच्या चौकात सिग्नलला मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." ती म्हणाली, "बाबा, सिग्नल हिरवा झालाय."

घरी गेल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी बाहेरच्या खोलीत होतो. त्या दारातून मला जाता आलं नाही.

सोमवार, २ मार्च

ऑफिसातून हरपालला फोन लावला. चांगला फैलावर घ्यायचा होता. तोंड उघडलं तर तोच ओरडायला लागला.

"मैंने भाभीजी को साफ़ बोला था, बाऊजी! कब्ज़ा अभी ढीला है, अभी मत ले जाना. बुशिंग आनी बाकी थी. दो बार दोहरवाया उनसे!"

"कब्ज़ा?" मी म्हटलं. "फ़्लैट का कब्ज़ा?"

"कौन सा फ़्लैट? कब्ज़ा जी, कब्ज़ा! जिस पे दरवाज़ा घूमता है. जहाँ से बंदूक टूटती है."

मी फोन ठेवला.

हिंदीत दाराच्या बिजागरीला कब्ज़ा म्हणतात. मला माहीत होतं. चोवीस वर्षांत हजार वेळा नजरेखालून गेलेला शब्द. आमच्या मंत्रालयाच्या कागदांत मात्र बिजागरी कधी येत नाही, कब्ज़ा येतो तो जमिनीचा, इमारतीचा, अवैध. कोणीही तेच समजला असता. आणि तिने बिजागरी लिहिलं असतं तर? मराठी बाई, मराठीत चिठ्ठी लिहिते, तर मराठी शब्द लिहायला नको? निदान 'बंदुकीचा' एवढं लिहायचं होतं. निदान कोणाचा फोन ते.

अर्धी रजा टाकून घरी आलो. वैजयंती बाजारात गेली होती. पॅडची पानं मागे उलटत गेलो. सतरा तारखेचं सापडलं. तिचं निळं वाक्य मी इतकं काळजीपूर्वक खोडलं होतं की आडव्या रेघेतूनही स्पष्ट वाचता येत होतं. वर माझं अक्षर. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

मी ते पान काढलं. फाडलं म्हणायला नको, सुटंच झालं होतं. कमोडमध्ये टाकून पाणी सोडलं.

आल्यावर तिला सांगितलं, मिस्त्री म्हणतोय की त्याने तुला फोनवर निरोप दिला होता. सहा आठवड्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य. पिशवी तशीच हातात धरून ती म्हणाली, "हो, दिला होता की. मी लिहिलं होतं."

"मला नाही मिळाला."

"लिहिलं होतं हो. पॅडवर."

तिने पॅड घेतलं, एक एक पान बघितलं. पुढून मागे, मागून पुढे. मेथीची जुडी पिशवीतून खाली पडली तरी बघत होती. "लिहिलं होतं मी," तिसऱ्यांदा म्हणाली, पण या वेळी प्रश्नासारखं. "की नुसतं लिहायचं ठरवलं होतं?"

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्या क्षणी सांगून आता निवड तर बदलणार नव्हती.

गुरुवार, ५ मार्च

घरात सगळं शांत आहे. वैजयंती बोलते आता माझ्याशी, उलट जास्तच मऊ. फोन वाजला की मात्र उचलत नाही. "तुम्हीच घ्या, माझ्याकडून विसरतं," म्हणते. काल तो वाजून वाजून बंद झाला आणि ती शेजारी भाजी निवडत बसली होती.

कृतिकाला मी समजावलं की आईकडून चुकून राहिलं, तिच्यावर राग धरू नकोस. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "बाबा, ताबा म्हणजे पझेशन ना?"

"हो. अगदी बरोबर."

"आणि हिंदीत?"

"हिंदीत..." मी म्हटलं, "आधिपत्य. किंवा स्वामित्व. संदर्भावर असतं."

"अच्छा," म्हणाली. तिने ताट उचललं आणि आत जाऊन आईसोबत जेवायला बसली. इतक्या गडबडीत एखादा मराठी शब्द तिच्या ध्यानात राहिला, याचं मला बरं वाटलं. तिची भूक मात्र गेलेली दिसते, माझ्यासमोर तरी.

रविवार, ८ मार्च

वैजयंती काल मला न सांगता दहिया सरांकडे गेली होती. बस बदलून, दोनदा. ते म्हणाले, नेमबाजी संघटनेची सोमवारी बैठक आहे. नेमबाजाची चूक नव्हती, घरच्यांनी अर्धवट दुरुस्तीची बंदूक हातात दिली, असं घरच्यांनी लेखी दिलं, तर पुन्हा एकदा चाळीस छर्रे मारायची संधी मागून बघता येईल. मिळेलच असं नाही. पण ज्याची चूक त्याने स्पष्ट लिहायला हवं, गोलमाल लिहिलं तर कोणी वाचणारही नाही.

आज सकाळी चहा झाल्यावर ती कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"शुद्ध हिंदीत पाहिजे. तुम्ही लिहून द्या," म्हणाली. "मी सांगते."

तिने सांगितलं ते असं. मिस्त्रीने मला फोनवर बजावलं होतं की बंदूक अजून नीट झालेली नाही. मी तो निरोप माझ्या पतींना सांगायला विसरले. त्यामुळे त्यांनी काही माहीत नसताना बंदूक आणली. यात माझ्या पतींची किंवा मुलीची काहीही चूक नाही. सगळी चूक माझी आहे. शिक्षा मुलीला देऊ नये.

मध्ये ती थांबली. "मी लिहिलं होतं असं मला अजून वाटतं," म्हणाली. "कब्जा ढिला आहे, असे शब्दसुद्धा आठवतात. पण नसेल लिहिलं. तुम्ही बघितलं असतं ना?"

माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी पेनचं टोपण काढलं. म्हटलं, "आता ते उगाळून काय उपयोग?"

"बरं," म्हणाली.

कृतिका खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. ती उठली आणि बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं.

मी लिहायला बसलो. या घरात मला करता येण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, आणि कृतिकाला दुसरी संधी मिळायची तर अर्ज चांगलाच व्हायला हवा होता. 'सेवा में, माननीय सचिव महोदय' पासून 'भवदीया' पर्यंत एकही शब्द इकडचा तिकडे नाही. 'मेरी गलती से' असं ती म्हणाली होती, ते मी 'मेरी असावधानी के कारण' केलं. 'भूल गई' चं 'विस्मृतिवश सूचित न कर सकी' केलं. स्वच्छ कागदावर उतरवून काढलं. उद्या दहा वाजता ती स्वतः नेऊन देणार आहे.

तिने वाचलं. ओठ हलवत, एक एक शब्द. सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि मग कागद उलटा फिरवून माझ्याकडे सरकवला.

"एकदा नीट तपासा," म्हणाली. "यात कुठे काही चूक नाही ना?"

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"नाही," म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

तिने सही केली.